बिनआवाजी

सकाळी साडेसातला डंडीत अजून रात्रच असते.
टे नदीवरचा पूल तेवढा दिव्यांनी धरून ठेवलेला.
तळघरातल्या आमच्या विभागात
शिशाच्या डबीतून साखर येते,
किरणोत्सारी, दोन तासांच्या आत अर्धी होणारी,
म्हणून सगळी घाई.

मोरॅग गिलेस्पी, वय सदुसष्ट.
'पूर्वीचे आजार' या रकान्यात
तिने एचआयव्ही लिहिलंय ठसठशीत अक्षरात,
गावाचं नाव लिहावं तसं.
पुढे: १९८६ पासून.
त्यापुढे: सापडत नाही.

सापडत नाही म्हणजे नाही, असं नाही.
दर दोन महिन्यांनी दोन सुया,
आणि तो आत कुठेतरी गुपचूप, भाडेकरूसारखा.
मी मात्र पगार घेते तो सापडण्याचा.

ती हात पुढे करते, शीर स्वतःच दाखवते:
"ही चालते. ती दुसरी रुसलीय तेव्हापासून."
तेव्हा म्हणजे केव्हा, ते विचारायचं नसतं.

मग तासभर मंद उजेडात पडून राहायचं.
बोलायचं नाही. बोललात तर साखर घशात जाऊन बसते.
आम्हाला ती हवी असते भुकेल्या पेशींकडे,
मुंग्या कुठून येतात ते कळावं म्हणून
आई फरशीवर चिमूटभर टाकून ठेवायची, तशी.

ती मान हलवते आणि नुसते ओठ:
"मला न बोलता बोलता येतं, पोरी."
पंधराव्या वर्षी तागाच्या गिरणीत लागली.
मागांच्या त्या गदारोळात बायका
एकमेकींच्या ओठांवरून वाचायच्या
कुणाचा नवरा कुठे असतो, कुणाला दिवस गेलेत.

मी इचलकरंजीची.
धोट्याच्या खडखडाटात अप्पा मला जेवायला बोलवायचे
ते ओठांनीच.
हे मी तिला सांगितलं नाही.
तासभर बोलायचं नव्हतं.

फाइलमध्ये तिचं संमतिपत्र होतं,
फुप्फुसाच्या गाठीवरचं नवं औषध, तिसरा महिना.
पूर्वी अशा कागदांवर एक ओळ हमखास असायची:
एचआयव्ही असल्यास अपात्र.
ह्या कागदावर गर्भारपण आहे, पेसमेकर आहे,
ती ओळ नाही.
मी दोनदा पाहिलं.

पडद्यावर मेंदू उजळला, मूत्राशय उजळलं,
ते उजळतातच.
डावीकडची गाठ, मागच्या वेळी निखारा,
आता राखेतली ठिणगी.
आणि खाली, यकृताच्या कडेला,
एक ठिपका, जो मागच्या वेळी नव्हता.

मी काचेआड इमोजेनला म्हटलं: "नवीन."
मग मान वळवून बाकीचं सांगितलं.
तोवर टेबल बाहेर सरकलं होतं
आणि मोरॅगचं तोंड काचेकडे होतं.

कपडे घालताना ती म्हणाली,
"शहाऐंशीत मला तीन वर्षं दिली होती.
देणाऱ्या डॉक्टरच्या मयताला मी जाऊन आले.
सँडविचं बरी होती."

मी नेहमीचं सांगितलं: भरपूर पाणी प्या,
सहा तास लहान मुलांपासून लांब राहा.
"लांब राहा," ती हसली.
"हे कुणी सांगायचं राहिलं होतं का?"
नंतर बटण लावता लावता,
माझ्याकडे न बघता: "नवीन, ना?"

रिपोर्ट डॉक्टर सांगतील.
दर दिवशी अकरा वेळा म्हणते मी हे वाक्य,
त्या दिवशीही म्हटलं.

कॉरिडॉरच्या टोकाला, लिफ्टपाशी, तिने वळून पाहिलं.
मध्ये ट्रॉलीची खडखड, कुणाचा तरी फोन.
मी ओठ हलवले:
जुनी विझत आलीय.

ती क्षणभर थांबली, जुन्या कारागिराने
कापडाचा काठ चाचपावा तशी.
मग लिफ्टचं दार लागलं.

नोंदवहीत मी वेळ लिहिली, मात्रा लिहिली,
आणि 'रुग्णाशी संभाषण' ह्या रकान्यात
नियमाप्रमाणे: काही नाही.