ठिवू का

बोलणं संपलं की अप्पा विचारतात, ठिवू का?
मी म्हणते, ठेवा.
आणि ते खरंच ठेवतात:
उदगीरच्या दुकानात, टेबलावर,
तांब्याच्या तारेच्या रिळाशेजारी.
लाल बटण दाबायचं राहून जातं.

इकडे परभणीत मार्चपासून माझं एकच काम.
शाळूच्या पानांचे साठ हजार फोटो,
कुठल्या पानावर तांबेरा, कुठलं निरोगी,
हे हैदराबादच्या एका मशीनला शिकवायचं.
मशीन मी पाहिलेलं नाही.
त्याचा पत्ता म्हणजे चार आकडे, मधे टिंबं.

पहिल्या वेळी एक्केचाळीस हजारांवर लाइट गेली.
राउटरचा हिरवा डोळा मिटला.
परत जोडून पाहिलं तर तिथे नुसता कर्सर,
लुकलुकत,
जणू मी आजच नोकरीला लागलेय.
नऊ तास.

जालिंदर सर डबा खाता खाता म्हणाले,
"तू फोन ठेवलास असं वाटलं त्याला.
लाइन तुटली की आत निरोप जातो, हँगअप,
अन् तुझ्या नावानं जे जे चालू होतं ते जीव सोडतं.
मालक गेल्यावर अन्नपाणी सोडणारी कुत्री असतात ना, तसं."

फोनही ठेवतात
आणि चालूही ठेवतात.
आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द, मी म्हटलं.
सर म्हणाले, लोणचं दे.

मग त्यांनी टीमक्स शिकवलं.
आत जाऊन आधी एक खोली घ्यायची,
तिला नाव द्यायचं. मी दिलं "शाळू".
काम त्या खोलीत लावायचं,
कंट्रोल आणि बी, बोटं उचलायची, नुसता डी,
आणि आपण बाहेर.
दार आपल्यामागे लागतं, दिवा आत जळत राहतो.

पहिल्या रात्री झोप लागली नाही.
अडीचला उठून, परत जोडून, डोकावले.
एकोणीस हजार चारशे सात.
आठ.
नऊ.
त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.
बरं वाटलं. थोडा रागही आला.

आज अप्पांनी ठिवू का म्हटलं, मी ठेवा म्हटलं,
आणि कान लावून बसले.
आधी स्टूल सरकल्याचा आवाज.
मग मोजणं.
आमच्याशी मराठीत बोलणारे अप्पा
मोटारीचे वेढे मात्र कानडीत मोजतात,
आजोबांनी हातात तार दिली तेव्हापासून.
नूर हन्नेरडु.
नूर हदिमूरु.
कुणीतरी जळका पंप घेऊन आलं,
"बेस्तरवारी ये" म्हणाले,
आकडा सुटला नाही.
नूर हदिनाल्कु.

मला हॅलो म्हणता आलं असतं.
पण तेरा आणि चौदाच्या मधे
माझा आवाज कुठे ठेवायचा, ते कळेना.

सव्वासातला इथली लाइट गेली, टॉवरही गेला.
पूर्वी मी लगेच परत लावायचे,
काय झालं, कट का झाला, बरे आहात ना.
आज पंख्याची पाती थांबेपर्यंत बसून राहिले.

तिकडे शाळू पंचेचाळीस हजारांच्या पुढे गेला असेल.
तिकडे दीडशेवा वेढा पडला असेल,
वार्निशचा डबा उघडला असेल,
फोन अजून टेबलावर असेल, उताणा.

लाइट येईल तेव्हा
आधी कुणाकडे डोकावायचं
हे अजून ठरलेलं नाही.