दुसऱ्यांची डोकी

तिएसच्या शाळेत शेवटच्या परीक्षेला बाक म्हणतात.
बाकावर बसून बाक द्यायचा,
पाठीला बाक येईस्तोवर.
गेल्या वर्षी मी तो दिला,
आणि निकालाच्या दिवशी शाळेच्या अंगणात
नावं वाचणारा माणूस
खोदिया या नावापाशी थांबलाच नाही.
श्वाससुद्धा घेतला नाही त्याने तिथे.

मग उपाय सुरू झाले.
पहाटे चारला उठून पाहिलं.
कोंबड्याला निदान त्याचा धडा पाठ होता.
महत्त्वाचं तेवढं पिवळ्या पेनाने रंगवायला घेतलं,
आठवड्यात अख्खं पुस्तक
कावीळ झाल्यासारखं.
मामेभाऊ म्हणाला, झोपताना वही उशाखाली ठेव.
वहीची कड गालावर उमटली,
बाकी काही नाही.
बर्लिनची परिषद घोकून घोकून अशी पाठ झाली
की वाक्याच्या मध्ये कुणी खोकलं
तर मला पुन्हा पहिल्या शब्दापासून निघावं लागे.

तबास्कीच्या सणाआधी मावशीच्या दुकानात
डोक्यांची रांग लागते.
मावशी म्हणाली, वही ठेव, हात धू.
एका डोक्याला सहा तास.
दहाही बोटं केसांत,
वही समोरच्या फळीवर, तेलाच्या डब्याला टेकून
उघडी,
आणि पान उलटायला हात नाही.

मारेम सार मासे विकते.
तिचं डोकं माझ्या गुडघ्यांमध्ये.
दुसऱ्या तासाला ती कंटाळली, वही ओढून घेतली मांडीवर.
अक्षर तिला येत नाही, चित्र येतं.
बोट ठेवून म्हणाली, हे काय गं, फुटकं अंडं?
म्हटलं, पेशी. एकीच्या दोन होतात.
कशा?
मी पाठ केलेलं ओतलं, स्वल्पविरामासकट.
ती म्हणाली, हे पुस्तक बोललं.
तू सांग. मासळीचा भाव सांगतात तसं.

बोटं थांबली. बट सुटली.
मला कळलंच नव्हतं ते.
एक अख्खं वर्ष, वर एक उन्हाळा,
मी ते न कळता सांभाळलं होतं,
रंगवून,
उशाखाली.

उठले. तेलकट हातांनी पान वाचलं,
वही मिटली, परत येऊन बसले.
आधी आतलं सगळं दुप्पट होतं, म्हटलं.
मग ते मधोमध रांगेत उभं राहतं,
मग दोरे ओढतात त्याला, या टोकाकडे, त्या टोकाकडे,
आत्ता तुझा भांग पाडला ना, तसं.
हां, मारेम म्हणाली. आणि मग?
आणि मग मला माहीत होतं.

तेव्हापासून ज्याचं डोकं त्याचा धडा.
दवाखान्यातल्या नर्सला रक्ताभिसरण सांगितलं,
तिने तीन चुका काढल्या, चौथी मावशीने, वेणीत.
‘स्वातंत्र्य म्हणजे काय’ यावर
ट्रकवाल्याची बायको इतकी भांडली
की तिच्या डाव्या कानावरची ओळ
अजून वाकडी आहे.
गणित मात्र कुणाच्या डोक्यात घालता आलं नाही,
ते माझंही कच्चंच राहिलं.

तीन आठवड्यांनी बायका वेण्या उसवायला येतात.
मी विचारते, मागच्या वेळी काय सांगत होते मी?
त्या हसतात. अगं, तू सांग.
निम्मं निसटलेलं असतं.
जे निसटलंय तेच आधी बोटांत धरते.
वहीचं एक्केचाळिसावं पान
तेलाने इतकं पारदर्शक झालंय
की प्रश्नाच्या पाठीमागचं उत्तर दिसतं,
उलटं.

जुलै. दुसऱ्यांदा तोच बाक.
पर्यवेक्षक दोनदा वाकून गेले,
हातात चिठ्ठी आहे का बघायला.
गळ्यातल्या रुमालाच्या दशा होत्या,
वेण्या घातलेल्या, अकरा.
बारावी अर्धी सोडली.
मला उत्तर येत होतं
आणि लिहायला हात हवा होता.