चंद्रकला दे. इंगोले

दुपारी तीनला गावात वीज येते,
सेतू केंद्रात माझा प्रिंटर कण्हतो
आणि पाठोपाठ चंद्रकलाबाई येते,
पदरावर, भुवयांवर, कानाच्या पाळीवर पीठ.
"प्रफुल, लेका, पाह्य बरं,
माह्या नावानं हे काय निंगालं."

मिरची-कांडपाच्या यंत्राचा अर्ज
शेलूबाजारच्या बँकेनं परत दिलाय.
स्कोअर पाचशे बारा.
"पाचशे बारा काय? किलो?"

मी अहवाल उघडतो.
एक खातं: फ्रीज, हिंगणघाट,
सात हप्ते भरलेले, पुढं थकीत,
मग वसुलीला दिलेलं,
मग कोण्या तिसऱ्याच कंपनीला विकलेलं,
कुटाराचं गाठोडं विकावं तसं.

ती पडद्याकडे बघत राहते.
"माह्या घरी रांजण हाय बाप्पा.
दर उन्हाळ्यात बुडाखालची रेती बदलवतो मी."

पिशवीतून घडी पडलेली नोटीस काढते.
नोटीस मराठीत आहे,
वर ठळक: चंद्रकला दे. इंगोले.
"दे म्हंजे देवराव. माहा नवरा.
त्या फोनवाल्याले वाटते, दे म्हंजे दे."

तो फोनवाला नेमका दळणाच्या वेळी बोलतो.
एकदा तिनं मोबाइल पट्ट्याजवळ धरला,
चार पायल्या ज्वारी निघेपर्यंत.
तो दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलला.

जन्मसाल बघितलं: एक्क्याण्णव.
ती हसली तेव्हा पीठ उडालं.
"त्या साली त माह्यं लगन झालं, रे!"

तक्रारीचं कारण निवडा.
मी निवडलं: हे खातं माझं नाही.
खाली दोन बोटं रुंद चौकट.
ती सांगत होती सासऱ्यापासून,
गिरणीचं पहिलं मीटर, देवरावचं आजारपण,
कोणाचं अधपाव पीठ कधी ठेवलं नाही ते.
मी लिहिलं: नावात साम्य, पॅन वेगळा, पत्ता वेगळा.
तिनं विचारलं, सगळं लिहिलं का.
मी हो म्हणालो.

तीस दिवस तिनं बुधवारच्या बाजारांनी मोजले.
पाचव्या बुधवारी उत्तर:
कर्जदात्यानुसार माहिती बरोबर आहे.

"कोणाले इचारलं त्यायनं?"
ज्यांनी लिहिलं त्यांनाच, मी म्हणालो.
"मंग मले कायले नाई इचारलं?"

याला माझ्या दरपत्रकात उत्तर नव्हतं.
झेरॉक्स दोन रुपये, फॉर्म तीस,
त्या दिवशी मी तिचे पैसे घेतले नाहीत,
ती दोन नाणी टेबलावर ठेवून गेली.

पुन्हा लिहिलं. सहीचा करारनामा मागितला.
गिरणीचं वीजबिल जोडलं, पॅन, आधार,
आणि तिनं हट्टानं रांजणाचा फोटो.
फोटोला रकाना नव्हता.
मी 'इतर'मध्ये घातला.

मग लोकपालाचा पत्ता शोधला.
मग दोन बुधवार नेटच नव्हतं.
आणि एका दुपारी करारनामा आला,
तिरपा स्कॅन केलेला,
सही इंग्रजीत, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट,
कोपऱ्यात फोटो:
नवा फ्रीज, दारावर कुंकवाचं स्वस्तिक,
शेजारी निळ्या साडीतली एक बाई,
हात हँडलवर, अजून उघडलेलं नाही.

मी म्हणालो, झालं काकू, जिंकलो.
ती वाकून बघत होती.
"पोरगीच हाय रे.
सात भरले म्हंते ना?
आठव्याले काय झालं असन?"

खातं निघालं. स्कोअर सातशेवर गेला.
कांडप आलं, आता गल्ली शिंकते,
माझा कीबोर्डसुद्धा लाल आहे.

परवा मी तिखट न्यायला गेलो,
तिचा फोन वाजला. जुनाच आवाज,
यादी बदलली नसावी.
तिनं बटण दाबून कांडप थांबवलं.
पहिल्यांदाच थांबवलं.

"मी नव्हं ते, भाऊ. दुसरी दे.
सापडली तुमाले ते?"
पलीकडे काहीतरी खरखरलं.
"सापडली त," ती म्हणाली,
"जरा हळू बोलजा."