कप

मागल्या चाकाचा हब उघडला तेव्हा
ग्रीसचा पार काळा गोंद झाला होता.
रोलर हातात आले वाटाण्यासारखे, चार फुटलेले.
कोन आला. सील आलं, फाटून.
कप मात्र हबच्या घशात तसाच,
निळा पडलेला, एका अंगाला तिरका.

खानापूर. स्टेशनकडं जाणारा रस्ता.
माझ्या बाराशे दहात चार हजार कौलं
आणि तिकडं लोंढ्यात वाट बघणारा गवंडी.

बाबाजान मेस्त्रीनं छिन्नी धरली,
मी घण मारला.
बारा, तेरा. मग मोजायचं सोडलं.
छिन्नी सटकली, माझ्या अंगठ्याचं नख गेलं,
कपाला ओरखडासुद्धा नाही.
डिझेल ओतलं. रॉकेल ओतलं.
पोरगा निंगाप्पा, कुणी बघत नाही असं बघून,
डोक्याचं खोबरेल ओतून मोकळा झाला.
शिव्या मराठीत सुरू झाल्या,
कन्नडात शिरल्या, उर्दूत जरा रेंगाळल्या,
फिरून मराठीत आल्या.
लोखंडाला एकही लागली नाही.

हा कप बापानं बसवलेला.
मी तेव्हा क्लीनर. बॅटरी धरून उभा.
शेवटचा ठोका घालून म्हणाला होता,
मष्णू, आता हलत नाही बघ.
त्याचं सगळंच असं.
त्यानं लावलेलं बरणीचं झाकण
आई कोयत्याच्या पाठीनं ठोकून उघडायची.
त्यानं मारलेली गाठ कापावीच लागे.
धाकट्या काकाशी अबोला धरला
तोही असाच ठोकून बसवलेला, सतरा वर्षं,
आणि काका मयतीला आला तेव्हा
बोलायला कोण उरलं होतं?

दुपारी इनास वेल्डर आला.
आत डोकावला, विडी विझवली,
म्हणाला, मारताय कशाला?
आणि कपाच्या आतल्या अंगानं
गोल वेल्डिंगचा पट्टा ओढायला लागला.
अहो, काढायचाय तो! मी ओरडलो. चिकटवताय काय?
तोंडावर काच धरलेला माणूस
कुणाचं ऐकत नसतो.
ठिणग्या माझ्या चपलेपर्यंत आल्या.

झाल्यावर मी घण उचलला
तर बाबाजाननं हातच धरला.
बिड मारायाऽ. निवू दे.
तापलेलं निवताना आखडतंय.

मग चहा आला.
आम्ही उभ्यानंच पीत होतो.
लाल बस गेली, तिच्या पाटीकडं कुणी बघितलं नाही,
कुठं जाते ते ठाऊक होतं.
निंगाप्पा हबसमोर उकिडवा बसून
बरतद, बरतद, असं पुटपुटत होता,
म्हशीच्या मागं बसल्यासारखा.

टक्.

एवढाच आवाज.
मला वाटलं चहाचा कप निसटला,
मी आधी स्वतःच्या हाताकडं बघितलं.
खाली गोणपाटावर तो पडला होता,
धूर सोडत, आपला आपण.
इतका वेळ इतक्यांनी मारलेलं
त्याच्या अंगावर काही दिसत नव्हतं.
बाबाजान नुसता हसला. इनासनं पैसे मागितले.

नवा कप बसवताना घण माझ्याकडं दिला.
मी पहिला ठोका घातला, बापासारखा.
हळू रे, बाबाजान म्हणाला,
सरळ जाऊ दे.
पुढं कुणाला तरी काढायचाय तो.

लोंढ्यात पोचलो तेव्हा रात्रीचे दहा.
गवंडी घरी गेलेला.
कौलं आम्ही दोघांनीच उतरवली,
नख नसलेला अंगठा बाजूला धरून,
एकेक.
जुना कप अजून सीटखाली आहे,
ब्रेक मारला की वाजतो.