सहावा आठवडा

सिंदेवाहीच्या पुढे, नळ कोरडा असलेल्या उपकेंद्रात
मी विचारते : शून्य ते दहा, किती दुखतं?
गिरजा कोवे म्हणते, "उठताना का बसताना, बाई?
घमेलं डोक्यावर घेतल्यावर, का उतरवल्यावर?"
फॉर्मवर चौकोन एकच.
आम्ही दोघी सातावर तडजोड करतो.

लिफाफे सीलबंद. गट अ, गट ब.
कोणाला काय मिळालं ते मला कळू नये असा नियम आहे.
पण मधे फक्त हिरवा पडदा.
पलीकडे डॉक्टर मणका वळवतात
आणि कट्ट आवाज येतो,
वाळली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा.
मी कानात बोटं घातली नाहीत.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

शालिक नेवारे बाहेर येऊन बायकोला सांगतो,
"आयकलीस ना? बसली जागेवर."
दोन दिवसांनी त्याची मान आखडते.
तेही नोंदवते. प्रतिकूल परिणाम : किरकोळ.
तो शब्द मी त्याला वाचून दाखवत नाही.

गिरजाच्या वेळी आवाज आला नाही.
पंधरा मिनिटं नुसती पंख्याची किरकिर.
बाहेर आली, पदर सारखा केला.
"ऊन हात होता.
माह्या पाठीले कोणी हात नाही लावला
धाकट्याच्या बाळंतपणापासून."
धाकटा आता ट्रॅक्टर चालवतो.
आकडा : तीन.
मी पुन्हा विचारलं. तीनच.

सहाव्या आठवड्यात ती आली नाही.
नावापुढे 'पाठपुरावा तुटला' लिहिण्याआधी
स्कूटी बोडीच्या पाळीवरून नेली.
चिखलात अठरा बायका ओणव्या.
अठरा पाठी. अ कोणती, ब कोणती,
लिफाफा फोडूनही सांगता आलं नसतं.
ती एकदा सरळ झाली, कमरेवर मुठी ठेवून.
"किती?" मी बांधावरून ओरडले.
"काय किती?"
"दुखणं!"
सगळ्या हसल्या. मीही.
"रोवणा होऊ दे, मंग मोजतो,"
म्हणाली, आणि पेंढी सोडून खाली वाकली.

चौकोन रिकामा आहे.
शून्य घालता येत नाही,
शून्य म्हणजे दुखत नाही.
नागपूरहून फोन : मॅडम, काहीतरी भरा.

समासात, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलंय :
उत्तर देऊन झाल्यावर ती वाकली.
पुढचं मला दिसलं नाही.