अनोळखी उपकरण

चुलून आला तेव्हा बाहेर उणे चौतीस.
कार्ड नायलॉनच्या पिशवीत, हातात लोंबकळत,
बाजारातून मटण आणावं तसं.
म्हणाला, ताई, लगेच लाव.
मी म्हटलं, पिशवी उघडूसुद्धा नकोस.
दोन तास.
दारातून आत आले की माझा चष्मा कसा आंधळा होतो, बघतोस ना?
तसाच याला घाम फुटतो,
आणि घामातून वीज गेली
की मग माझ्याकडे नाही, भंगारवाल्याकडे जायचं.

दोन तास म्हणजे खारा चहा तीनदा.
तेवढ्यात त्यानं सगळं कबूल केलं:
खिडकी सताड उघडी टाकून रात्रभर खेळला,
थंडी फुकटची आहे, वापरू नये का?
क्लॉक वाढवलं दोनशेनं, एका झटक्यात,
कारण उलानबातरमध्येच कुणी पोरगा म्हणे दोनशे चाळीसवर धावतोय.
आधी पडद्यावर चौकोन चौकोन,
मग गवत जांभळं,
मग काळोख.
मग यानं ड्रायव्हर पुन्हा टाकला. वर दुसरा. त्याच्यावर तिसरा.

भांडं न घासता त्यात तीन स्वयंपाक.

मशीन सुरू केलं. यादीत ज्याला त्याला नाव:
कीबोर्ड, माउस, जुना स्पीकर,
आणि एका ओळीला पिवळा त्रिकोण.
अनोळखी उपकरण.
चुलून हसला, ताई, हे तर तुझंच नाव.

खरंच. नेरगुई म्हणजे आमच्यात, नाव नसलेली.
माझ्या आधीची दोघं वर्षाच्या आत गेली,
म्हणून आईनं माझी पाटी कोरीच ठेवली.
काही वाईट दारात आलंच
तर हाक काय म्हणून मारणार?
शाळेत हजेरी घेताना दरवर्षी एकदा
नवे मास्तर या ओळीवर अडायचे.
एकेचाळीस वर्षं झाली. अजून कुणी नेलं नाही.

सेफ मोडमध्ये सगळं ढोबळ दिसतं.
अक्षरं मोठी, रंग मोजके,
यंत्राला जिवंत राहण्यापुरतंच आठवत असतं.
तिथे बसून मी तिन्ही ड्रायव्हर मुळासकट उपटले,
त्याआधी इंटरनेटची वायर काढून ठेवली,
नाहीतर आपली पाठ वळली की विंडोज
स्वतःच्या पसंतीचा चौथा आणून बसवतं,
लग्न जमवणाऱ्या मावशीसारखं.
मग मागच्या शरदातला एक टाकला. सर्वांत नवा नाही.
या कार्डाशी ज्याचं पटतं, तो.

पडदा काळा झाला.
चुलूननं श्वास धरला.
परत काळा.
खाली रस्त्यावर कोळशाचा ट्रक मागे घेताना ओरडत होता.
मग गवत उगवलं, हिरवं.

त्रिकोणाच्या जागी आता लांबलचक नाव, आकड्यांसकट.
लगेच स्वारी विचारते, आता वाढवू?
वाढव. पण पंधरा-पंधरानं.
एक पायरी चढायची आणि वीस मिनिटं नुसतं बसायचं:
पंख्याचा सूर, तापमान,
गवताच्या कडेला लुकलुकून गेलेला एखादा ठिपका.
ठिपका दिसला की दोन पायऱ्या खाली,
आणि तिथंच बिऱ्हाड.
खिडकी बंद. मार्चमध्येही चालेल तेवढंच खरं.
व्होल्टेजला हात लावायचा नाही.
'कधीच नाही?'
मी बोलले नाही. माझ्या मागच्या फळीवर सात काळवंडलेली कार्डं आहेत.
गिऱ्हाइकाचं त्यात एकही नाही.

एकशे पाचवर ठिपका आला, डोंगराच्या खांद्यावर, पांढरा.
मी म्हणायच्या आत त्यानंच आकडा खाली आणला. पंच्याहत्तर.
पुढचे दोन तास काही झालं नाही,
काही न होण्याकडे आम्ही टक लावून बसलो.

वहीत तारीख लिहिली, आकडा लिहिला, तापमान एकाहत्तर.
कार्डाच्या नावाचा रकाना
मी सगळ्यांचाच
कोरा ठेवते.