दोन मिनिटांच्या आतला उशीर

दोन मिनिटांच्या आतला उशीर
आमच्याकडे उशीर धरत नाहीत.
एक मिनिट एकोणसाठ सेकंद म्हणजे गाडी वेळेवर.
त्यापुढे मात्र वही उघडायची,
कारण लिहायचं, कारणाचा आकडा लिहायचा,
खाली सही: जुई कांदळगावकर,
नियंत्रण कक्ष, दुसरी पाळी.

कारणं ठरलेली असतात. दार. ब्रेक. सिग्नल. वीज.
एकदा पेठपाड्याच्या वळणावर
रुळांत घार बसून राहिली. हलेना.
तिला आकडाच नव्हता.
साहेब म्हणाले, "इतर"मध्ये टाका.
तेव्हापासून आकाशात घार दिसली
की मी मनात म्हणते, इतर.

आज संध्याकाळी सहा सत्तेचाळीसला
सेंट्रल पार्क सोडलेली गाडी
पेठपाड्याच्या अलीकडे उभी राहिली.
माझ्या पडद्यावर हिरवा ठिपका, सुपारीएवढा.
वायरीला मांजा, मांज्याला अख्खा पतंग,
ओव्याच्या गच्च्यांवरून सुटून आलेला असणार.
वीज तोडायची, माणूस चढवायचा, काठी, हातमोजे.
अकरा मिनिटं, मी अंदाज धरला
आणि माइकवर म्हणाले, "तांत्रिक कारणामुळे."
पतंग सांगितला तर लोक हसतील,
आणि हसणारे लोक चिडलेल्यांपेक्षा आवरायला कठीण,
असं साहेबांचं मत.

त्या ठिपक्यात अप्पा होते.
रोज असतात.
पेंधर ते बेलापूर, बेलापूर ते पेंधर,
दाराजवळची जागा, मांडीवर कापडी पिशवी,
पिशवीत काही नाही.

तळोज्यात घर घेतलं तेव्हा मी पाचवीत होते.
बिल्डरच्या गुळगुळीत कागदावर मेट्रो छापली होती,
उंबऱ्याच्या इतकी जवळ
की रांगोळी चुकवून जावं लागेल.
"पाच मिनिटांवर." खाली बारीक अक्षरात "प्रस्तावित".
अप्पांनी पाच मिनिटं वाचलं.
आईनं प्रस्तावित वाचलं.
मग खांब आले. खांबांना नंबर पडले,
नंबरांवर पोस्टर, पोस्टरांवर पोस्टर,
क्लासेस, मूळव्याध, कुणाकुणाचे वाढदिवस.
मी दहावी झाले, डिप्लोमा झाले,
आईचे गुडघे गेले, मग आई.
खांब आपले रस्त्याच्या मधोमध,
डोक्यावर चुंबळ ठेवून हंडा विसरलेल्या बायांसारखे.
तो उशीर कुठल्या वहीत आहे
मी शोधलं नाही.

पाळीत घरचा फोन घ्यायचा नसतो.
घेतला.
"जुई, किती वेळ?"
"अकरा मिनिटं."
"पतंग आहे ना? इथून दिसतोय. लाल आहे, शेपटीवाला."
मला लाल दिसत नव्हता. मला ठिपका दिसत होता.
"डब्यात सांगू का? एका पोराचा क्लास बुडतोय,
एक बाई दूध शेजारणीच्या भरवशावर ठेवून आलीय."
मी गप्प.
तेवढ्याला हो समजून, फोन बंद न करता,
अप्पा उभे राहिले असावेत.
"ऐका हो, पतंग अडकलाय. अकरा मिनिटं लागणार.
आत मुलगी आहे माझी."
डबा हसला.
आवरायला कुणीच नव्हतं, तरी
कुणी म्हणालं, पेच कोणी घातला,
कुणी म्हणालं, काटला रे,
आणि त्या बाईचा आवाज, अगदी जवळून:
"अकरात उतू जाईल हो."

गाडी हलली बारा मिनिटं पन्नास सेकंदांनी.
वहीत लिहिलं: इतर. सही केली.
मग त्या ओळीच्या शेवटी, समासात, पेन्सिलीनं: लाल.

रात्री घरी गेले तर अप्पा जागे.
"बारा पन्नास," म्हणाले. घड्याळ लावून बसले होते.
"माझ्या शब्दाला फक्त एक मिनिट पन्नासचा उशीर," मी म्हटलं.
"दोनच्या आतला. तो धरत नाहीत."
"हे तुझ्या आईला सांग," अप्पा म्हणाले
आणि आमटी गरम करायला उठले.